कुंडीतली टोमॅटो-मिरचीची रोपं पिवळी पडतायत, माना टाकतायत? खत घालायच्या आधी हे बघा

दरवर्षी जून-जुलैत आणि परत दिवाळीच्या आसपास मला एकाच प्रकारचे फोटो येतात. कुंडीत वीतभर उंचीचं टोमॅटोचं नाहीतर मिरचीचं रोप, खालची पानं पिवळी, शेंडा मलूल, आणि खाली मेसेज, "ताई, आणलं तेव्हा हिरवंगार होतं, पंधरा दिवसांत असं झालं, कुठलं खत घालू?" मी गेली दहा वर्षं पुण्यात गच्चीवर भाजीपाला लावतेय आणि आमच्या सोसायटीतल्या आणि आजूबाजूच्या लोकांच्या कुंड्या इतक्या वेळा बघितल्यात की आता मी पहिला प्रश्न उलटा विचारते, गेल्या पंधरा दिवसांत काय काय घातलंत ते सांगा. बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. रोज पाणी, दर आठवड्याला खत, मधेच चहाचा चोथा, कोणीतरी सांगितलं म्हणून चमचाभर युरिया. प्रेमापोटीच केलेलं असतं सगळं, आणि रोप त्यानेच जातं.

हे सगळं मातीत, कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये लावलेल्या कोवळ्या रोपांसाठी आहे, म्हणजे बी रुजल्यापासून साधारण सहा-सात आठवड्यांपर्यंत. वांग्यालाही चालेल. फळं लागलेल्या मोठ्या झाडांचं गणित वेगळं असतं, ते यात धरू नका.

आधी लक्षणं नीट बघा

पिवळं पडलंय एवढं सांगून काही कळत नाही, कुठलं पान पिवळं आणि कसं पिवळं ते बघायला लागतं. उजेडात जा, घाई करू नका, पान उलटं करून पण बघा.

अगदी खालची दोन पानं, जी बी रुजल्यावर सगळ्यात आधी येतात ती बीजपत्रं, ती पिवळी होऊन गळणारच, त्यांचं काम संपलेलं असतं. यावरून घाबरून खत घालणारे खूप आहेत. एवढंच असेल तर तुमच्या रोपाला काहीही झालेलं नाही.

पानं फुगल्यासारखी जड आहेत, देठापासून खाली वाकलीत, खालची पिवळट आहेत आणि माती ओली आहे, तर पाणी जास्त झालंय. पानं कागदासारखी पातळ, लुळी पडलीत आणि कुंडी हलकी लागतेय, तर पाणी कमी. लांबून दोन्ही रोपं सारखीच दिसतात, माना टाकलेली, आणि इथेच सगळा घोळ होतो कारण पहिल्यालाही लोक अजून पाणी घालतात.

पानांच्या कडा आणि टोकं करपून तपकिरी, कुरकुरीत झालीत, बाकी पान गडद हिरवं आहे, कधीकधी टोक नखासारखं खाली वळलंय, मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या काठावर पांढरी खारी बसलीय, तर खत जास्त झालंय किंवा पाणी क्षारयुक्त आहे.

खालची जून पानं सगळीकडून एकसारखी फिकट पिवळी होत जातात, वरचं नवीन पान मात्र त्यामानाने बरं आहे, वाढ थांबलीय, माती ठीक आहे, तर ही नत्राची (नायट्रोजनची) कमतरता असू शकते, म्हणजे खरी भूक. आणि याच्या उलट वरची नवीन पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. जून पान आणि नवीन पान यात फरक का करायचा, तर नत्र झाडाच्या आत फिरतं, कमी पडलं की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, म्हणून आधी खालचं पान जातं. लोह तसं हलत नाही, त्यामुळे उपास घडतो तो शेंड्याला.

थंडीतली एक गोष्ट, डिसेंबर-जानेवारीत टोमॅटोच्या पानाची मागची बाजू आणि देठ जांभळट झाले तर बहुतेक वेळा मुळं गारठलेली असतात आणि त्यांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही. पुण्यात रात्री १० अंशांच्या आसपास पारा गेला की मला दरवर्षी दिसतं हे. कुंड्या भिंतीच्या उबेला आणि सकाळच्या उन्हात सरकवा, ऊब आली की नवीन पानं नीट येतात, त्यासाठी वेगळं खत लागत नाही.

आता तपासणी. क्रम मोडू नका कारण सुरुवातीच्या गोष्टी फुकट आहेत आणि त्यातच निम्म्याहून जास्त रोपं सुधारतात.

पहिलं: आजपासून पाणी आणि खत दोन्ही थांबवा, आणि कुंडी उचला

खरंच उचला. दोन्ही हातांनी. मातीवरून बोट फिरवून वरचा थर कोरडा दिसला की लोक पाणी घालतात, पण वरचा एक सेंटीमीटर तर उन्हाने दोन तासांत वाळतो, खाली चार इंचांवर चिखल असू शकतो. कुंडीचं वजन खोटं बोलत नाही. मी सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करून बघितलं होतं, माझी ६ इंची प्लॅस्टिकची कुंडी पोटभर पाणी दिल्यावर साधारण १ किलो ४०० ग्रॅम भरायची आणि रोपाला खरंच पाणी हवं असायचं तेव्हा ९०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे अर्धा किलोचा फरक, हाताला सहज कळतो. तुमची कुंडी, तुमची माती वेगळी, आकडे वेगळे येतील, पण एकदा भरलेली आणि एकदा हलकी झालेली उचलून बघा, तीन-चार दिवसांत हात तयार होतो.

मोठी ग्रो बॅग उचलता येत नसेल तर उदबत्तीची काडी किंवा बांबूची काडी पाच-सहा इंच खोल खुपसा, पाच मिनिटं ठेवा आणि काढा. काडी ओली, माती चिकटलेली आली तर पाणी नको.

हे का महत्त्वाचं आहे ते सांगते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की हवेला जागाच उरत नाही, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ ना पाणी उचलू शकतं ना खत, म्हणून भरल्या पाण्यात उभं असलेलं रोप तहानेने मान टाकतं आणि भरल्या खतात उपाशी पिवळं पडतं. आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ना, पाऊस पडून गेल्यावर माती ओलसर आहे पण हातात घेतली तर भुसभुशीत सुटते, पायाला चिकटत नाही, तीच अवस्था कुंडीत पाहिजे. माझे आजोबा वाफसा आल्याशिवाय शेतात पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. कुंडीतलं रोप सांभाळायचं म्हणजे पाणी कधी घालायचं हे शिकण्यापेक्षा वाफसा कधी आला हे ओळखायला शिकणं, मला तरी यात सगळं आलं असं वाटतं. रोज सकाळी झारी घेऊन फिरण्याची सवय असेल तर फिरा, पण झारीच्या आधी कुंडीला हात लावा.

दुसरं: रोप सकाळी बघा

एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता पारा ३८-४० ला असताना रोपाने माना टाकल्या तर त्यावरून काहीच ठरवू नका. पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ते पुरवता येत नाही, म्हणून झाड पानं सैल सोडतं आणि संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. सकाळी साडेसहा-सातला बघा. तेव्हा ताठ असेल तर ते फक्त ऊन होतं, दुपारी सावलीसाठी हिरवी शेडनेट नाहीतर जुनी सुती साडी बांधा, झालं. सकाळीही मान खाली असेल तर मग पुढचं वाचा.

तिसरं: खालचं भोक आणि ताटली

कुंडी तिरकी करून खालून बघा. नवीन प्लॅस्टिकच्या कुंड्यांना भोकं अर्धवट पाडलेली असतात, आत प्लॅस्टिकची पातळ चकती तशीच राहिलेली असते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि माझ्या बहिणीच्या आठ कुंड्यांपैकी पाच अशाच निघाल्या, तोवर तिने तीनदा नवीन रोपं आणली होती. तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने चार-पाच भोकं नीट मोकळी करा.

खाली ताटली ठेवत असाल तर पाणी दिल्यावर वीस मिनिटांनी ती ओतून रिकामी करा. ताटलीत साठलेलं पाणी माती परत वर ओढते, तळ कायम ओला राहतो. आणि तळाला खडी किंवा विटांचे तुकडे भरले की निचरा चांगला होतो असं सगळे सांगतात, त्याने तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी ती पूर्ण भरल्याशिवाय खाली खडीत उतरत नाही, म्हणजे ओला थर जातच नाही, उलट मुळांच्या जवळ वर सरकतो आणि मातीची जागा कमी होते ती वेगळीच. भोकावर एक खापराचा तुकडा माती अडवायला ठेवा, तेवढा पुरे.

मातीभोवती बारीक काळी चिलटं उडत असतील तर वरची माती कायम ओली राहतेय हे नक्की समजा.

चौथं: पाणी घालता कसं

रोज अर्धा पेला, अर्धा पेला असं घालत असाल तर ते बंद करा. त्याने वरचे दोन इंच ओले होतात, मुळं वरच राहतात, तळ एकतर कोरडा ठणठणीत किंवा ताटलीमुळे चिखल, आणि खताचे क्षार वरच साठतात. द्यायचं तेव्हा पोटभर, खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत, ६ इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर लागतं, आणि मग हलकी होईपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यात ते पाच-सहा दिवस असू शकतं, मेमध्ये एक दिवस. म्हणून "किती दिवसांनी पाणी द्यायचं" याला माझ्याकडे उत्तर नाही आणि जो ठाम आकडा सांगेल त्याचं ऐकू नका.

एक अपवाद आहे, चार पानांचं चिमुकलं रोप थेट १२ इंची कुंडीत लावलं असेल तर. एवढी माती त्या चार मुळांना उपसता येत नाही, पूर्ण भिजवली तर आठवडाभर ओली राहते. अशा वेळी रोपाच्या भोवती वीतभर गोलात पाणी द्या आणि रोप वाढेल तसा गोल वाढवा. जमलं तर तसं लावूच नका, आधी ४ इंची पिशवी, मग ६ इंची कुंडी, मग १२ इंची.

पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं की पावसाळी हवेत रात्रभर सगळं ओलं राहतं आणि बुरशीला आवडतं ते.

पाचवं: पाणी आत जातंय का

हे लोकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही पाणी घातलं, खालून लगेच आलं, तुम्हाला वाटलं पोट भरलं, आणि कुंडी उचलली तर हलकीच. कोकोपीट एकदा पूर्ण वाळला की पाणी धरत नाही, पाणी कुंडीच्या कडेने घसरून निघून जातं. काळी माती पण वाळली की आकसते आणि कुंडीपासून सुटून भेग पडते, त्या भेगेतून सगळं पाणी जातं. यावर उपाय सोपा आहे, बादलीत पाणी घ्या, कुंडी काठापर्यंत बुडेल अशी ठेवा, अर्धा तास, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि निथळू द्या.

दुसरा प्रकार रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांचा. काळ्या पिशवीतल्या रोपाभोवती बऱ्याचदा चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तुम्ही तो गोळा तसाच्या तसा छान भुसभुशीत मातीत लावता आणि मग एकतर भोवतालची माती ओली आणि गोळा आतून विटेसारखा कोरडा, किंवा बाहेर सगळं कोरडं आणि गोळा मात्र चिखल. मुळं त्या गोळ्यातून बाहेर पडतच नाहीत. शेजारच्या काकूंच्या सहा मिरच्या दीड महिना जशाच्या तशा होत्या, ना मरत होत्या ना वाढत होत्या, एक उपटून बघितली तर मुळं सगळी त्या लिंबाएवढ्या गोळ्यातच गोल फिरलेली. लावतानाच गोळा पाण्यात भिजवून कडेची माती हलक्या हाताने मोकळी करून घ्यायची, मुळं तुटतील म्हणून घाबरू नका, थोडी तुटली तरी चालतात.

सहावं: खताचा हिशोब

आता खत. आठवून लिहून काढा, काय घातलं, किती, कधी. लावताना मातीत एक चतुर्थांश गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत असेल तर पहिले तीन-चार आठवडे कोवळ्या रोपाला वरून काहीही लागत नाही. काहीही म्हणजे काहीही. रोपाला पाच-सहा खरी पानं येईपर्यंत त्याची भूकच एवढीशी असते.

खत जास्त झालं की काय होतं? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं ना, तेच मुळांचं होतं. बाहेर क्षार जास्त झाले की पाणी मुळात शिरायला अडतं, फार झालं तर मुळातूनच बाहेर ओढलं जातं. म्हणून कडा करपतात, कारण पानाचं टोक हे पाण्याच्या वाटेचं शेवटचं टोक.

सगळ्यात मोठी चूक चमच्याची. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत कोवळ्या रोपाला लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरतं, दहा-बारा दिवसांतून एकदा. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. लोक लिटरला चमचा घालतात, म्हणजे पाचपट-दहापट झालं. सोपं लक्षात ठेवायचं तर एक सपाट चमचा १० लिटरच्या बादलीत, सुरुवात तिथून. युरिया कुंडीतल्या कोवळ्या रोपाला देऊच नका, त्यात ४६ टक्के नत्र असतं आणि चिमूटभर इकडेतिकडे झालं तरी रोप जातं, शेताच्या एकराला चालतं ते सहा इंचांच्या कुंडीला चालत नाही. डीएपी या रासायनिक खताचे दाणे देठाजवळ टाकणं पण तसंच. ताजं शेण, ताजी कोंबडीची विष्ठा, न कुजलेला किचन वेस्ट, हे कुंडीत कुजताना तापतं आणि मुळांच्या वाटची हवा पण खातं. "सेंद्रिय आहे, जास्त झालं तरी चालतं" हे खरं नाही. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) देत असाल तर एकाला दहा पाणी आणि ओल्या मातीवर. अंड्याच्या टरफलांनी नुकसान काही नाही पण आपल्याकडच्या मातीत ती विरघळायला फार काळ जातो, रोपाची आजची अडचण त्याने सुटणार नाही.

खारी दिसत असेल, कडा करपल्या असतील तर वरचा खारीचा अर्धा इंच खुरप्याने खरवडून टाका आणि मग माती धुवा. कुंडीत जेवढी माती मावते त्याच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी हळूहळू, दहा-दहा मिनिटं थांबत, खालून वाहू देत घालायचं, ताटली काढून. नंतर सावलीत ठेवा आणि हलकी होईपर्यंत पाणी बंद. मी म्हणतेय की जास्त पाण्याने रोपं मरतात आणि मीच भरपूर पाणी घालायला सांगतेय, हे विचित्र वाटेल, पण हे एकदाच करायचं आणि फक्त निचरा चांगला असेल तरच. भोकं तपासल्याशिवाय करू नका.

आणि नियम एक, कोरड्या मातीत खताचं पाणी कधीही नाही. आधी साधं पाणी, अर्ध्या तासाने खत.

सातवं: खरंच भूक आहे का

वरचं सगळं बघून झालं, कुंडी वाफशावर आहे, निचरा आहे, खारी नाही, खत घालून महिना झालाय आणि तरी खालची पानं फिकट होत वर सरकतायत, तर हो, आता खायला द्या. १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, किंवा वरून दोन मुठी गांडूळखत आणि त्यावर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन. आठ दिवस थांबा. लगेच दुसऱ्या दिवशी परत नाही. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघत बसू नका, शेंड्याच्या नव्या पानाकडे बघा.

जून पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम, टोमॅटोवर दिसतं हे. एप्सम सॉल्ट लिटरला एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी परत एकदा. पण ते पिवळ्या रोपावरचं औषध म्हणून सरसकट चमचे चमचे टाकणं चालू आहे सध्या, ते करू नका, ते पण मीठच आहे.

आठवं: पाणी कुठलं आहे

एकाच वेळी सगळ्याच कुंड्यांची तीच तक्रार असेल तर इथे आधी या. तीन प्रकार मला वारंवार सापडलेत.

बोअरचं जड पाणी. बादलीला, नळाच्या तोटीला पांढरं किटण धरतं ते. महिनोन् महिने तेच घातलं की मातीचा सामू (पीएच) चढतो आणि लोह मातीत असून रोपाला मिळत नाही, मग ती शेंड्याची पिवळी पानं. आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात हे. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनं आहे, नाहीतर महापालिकेचं.

सॉफ्टनरचं पाणी. खूप सोसायट्यांमध्ये टाकीलाच सॉफ्टनर बसवलेला असतो आणि लोकांना माहीतही नसतं. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. कपड्यांना चांगलं, मातीला वाईट, माती घट्ट होऊन दगडासारखी बसते. सोसायटीच्या मॅनेजरला विचारा, सॉफ्टनरच्या आधीचा एखादा नळ मिळतो का.

आरओचं वाया जाणारं पाणी. पाणी फुकट जाऊ नये ही भावना अगदी बरोबर आहे, पण त्यात मूळ पाण्यातले सगळे क्षार एकवटलेले असतात. ते लादी पुसायला, गाडी धुवायला वापरा. कोवळ्या रोपांना नको.

तीन-चारशे रुपयांत टीडीएस मीटर मिळतो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. माझा अनुभव असा की ५०० च्या आत असेल तर निवांत रहा, १००० च्या वर असेल तर कोवळ्या रोपांना ते पाणी देऊ नका.

नववं: रोप काढून मुळं बघा

हे शेवटी, कारण यात रोपाला त्रास होतो. देठ दोन बोटांत धरून कुंडी उलटी करा, हलकेच थोपटा. पांढरी, टणक मुळं आणि पावसानंतर येतो तसा मातीचा वास, म्हणजे अजून आशा आहे. तपकिरी, मऊ, ओढली की साल निघून आत दोरा राहतो, आणि गटारासारखा वास, म्हणजे मुळं कुजलीत. कुजलेली कात्रीने काढा, छोट्या कुंडीत जेमतेम ओलसर नव्या मिश्रणात लावा, पानं जास्त असतील तर खालची काढा, चार दिवस सावलीत. नवं मिश्रण म्हणजे पोयटा माती, कोकोपीट, गांडूळखत समान भाग आणि वर दोन मुठी भाताचं तूस, तुसाने माती मोकळी राहते. टोमॅटो असेल तर देठ खालच्या पानापर्यंत मातीत गाडा, त्याला देठातून नवी मुळं फुटतात आणि त्यावरच तो जगतो. मिरचीला एवढं खोल गाडू नका, ती तशी सहज फुटत नाही.

टोमॅटो यातून निम्मे तरी वाचतात माझ्याकडे. मिरची कमी.

इथे थांबा, घरचे उपाय बंद करा

जमिनीलगत देठ बारीक, तपकिरी होऊन रोप आडवं पडलं असेल तर ती मर आहे, बुरशी. पडलेलं रोप उठत नाही, माती पण परत वापरू नका, शेजारच्या रोपांचं पाणी कमी करा आणि पुढच्या वेळी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आधीच मातीत मिसळा.

टोमॅटोची शेंड्याची पानं बारीक, वर वाटीसारखी वळलेली, कडा पिवळ्या, हलवलं की पांढरी माशी उडते, तर तो पर्णगुच्छ, व्हायरस आहे. त्यावर औषध नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात, आजच, बाकीच्या रोपांसाठी. मिरचीची पानं चुरडली असतील तर ते पाण्या-खताचं दुखणंच नाही, वर वळली तर बहुधा फुलकिडे, खाली वळली तर कोळी कीड (माइट). तिथे खत घालून नवीन कोवळी पालवी आणणं म्हणजे किडीला ताट वाढणं. दुकानदाराने दिलेलं जहाल कीटकनाशक बाल्कनीत फवारू नका, घरात लहान मुलं, वृद्ध माणसं, पक्षी असतात. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे जंत, ती माती कुठल्याच टोमॅटो-वांग्याला वापरायची नाही.

आणि गच्चीच्या स्लॅबखाली ओल येत असेल तर रोपांचं राहू द्या, आधी कुंड्या हलवा आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा.

वरचं सगळं करून पंधरा दिवसांत नवं पान नीट येत नसेल, किंवा दहा-पंधरा कुंड्या एकदम चालल्या असतील, तर अंदाजाने काही घालत बसू नका, जाणकाराला दाखवा. किसान कॉल सेंटरचा नंबर १८००-१८०-१५५१, फुकट आहे, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात आणि गच्चीवरची बाग आहे म्हणून तुम्हाला कोणी हसत नाही. कृषी विज्ञान केंद्रं बहुतेक जिल्ह्यांत आहेत, पुणे जिल्ह्यात बारामतीला आणि नारायणगावला आहे, तिथे नाहीतर जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत थोडं शुल्क भरून माती आणि पाणी तपासून मिळतं. जाताना चार-पाच कुंड्यांतली मिळून अर्धा किलो माती सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत न्या, खताच्या जुन्या पिशवीत नको, रिपोर्ट चुकतो. एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत, बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून. एक आजारी रोप मुळांसकट ओल्या कागदात गुंडाळून. आणि तो खताचा कागद, ज्यावर काय, किती, कधी घातलं ते लिहिलंय, तो सगळ्यात आधी समोर ठेवा.